व्हॉलंटरीची दवंडी

मला इंग्रजी येतं अशी आमच्या गावाची समजूत होती, आणि ती मोडून काढण्याइतकं धाडस माझ्याकडे नव्हतं. माझं शिक्षण आधी उर्दूत झालं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि बंद पडलेली शाळा पुन्हा उघडली तेव्हा सगळे विषय मराठीत सुरू झालेले. ज्या नद्या मी उर्दूत पाठ केल्या होत्या त्या मराठीत कुठून कुठे वाहतात हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. इंग्रजी तेवढं दोन्ही राज्यांत सारखंच अवघड राहिलं. मॅट्रिकला इंग्रजीच्या पेपरात मी दोनदा बसलो आणि दोनदा तसाच उठून आलो. पण गावाच्या हिशेबी 'मॅट्रिकपर्यंत गेलेला' आणि 'मॅट्रिक झालेला' यांत फरक नव्हता. गंगाखेडहून कागद आला की पाटील तो उलटासुलटा करून बघत, उन्हात धरून बघत, आणि म्हणत, "बापूला बोलवा." आणि बापू, म्हणजे मी, सदऱ्याची बटणं लावत, कपाळावर आठ्या आणत चावडीवर जात असे. आठ्यांचा उपयोग मोठा. कळलं नाही तरी विचार चाललाय असं दिसतं.

आमचं गाव राणीसावरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घर दोन खणांचं, पुढे ओसरी, मागे गोठा. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची आणि ती थांबली की आपोआप जाग यायची. इतकी त्या आवाजाची सवय. माय येसर, म्हणजे आमटीचा मसाला, भाजायला बसली की घरभर मिरच्यांचा असा खाट उठायचा की आबा ओसरीवर ओळीनं शिंकत आणि प्रत्येक शिंकेगणिक मायच्या माहेरचा उद्धार करत. माय ऐकून न ऐकल्यासारखं करायची, फक्त मिरच्या थोड्या जास्त टाकायची. त्या येसराची आमटी, त्यात चुरलेली ज्वारीची भाकरी आणि वरून करडईच्या तेलाची धार. आता डॉक्टरांनी माझं तिखटही बंद केलंय आणि तेलही, त्यामुळे मी हे लिहिताना जरा जास्तच रेंगाळतोय, वाचणाऱ्यानं समजून घ्यावं.

या घरात दुसरा एक आवाज होता, तो माझ्या धाकट्या बहिणीच्या वाचण्याचा. गया समोर येईल ते मोठ्यानं वाचायची. घासलेटचा डबा, चहाचा पुडा, बियाण्याच्या पोत्यावरचा ठसा, सगळं. माय भाकरी थापायची आणि गया चुलीपाशी बसून पुड्याचा कागद वाचायची, आणि थापटण्याचा नि वाचण्याचा ठेका एक होऊन जायचा. मारुतीच्या देवळात चौथीपर्यंतची शाळा भरायची. चौथीत तिचा पहिला नंबर आला. त्यापुढे शाळा गावात नव्हती, आणि पोरीला परगावी ठेवायची रीतही नव्हती. त्या हिवाळ्यात आबांनी जेवता जेवता निकाल दिला, "गावात पाचवी उघडली तर शिकू द्या. न्हाईतर गंगेच्या पल्याडलं त्ये स्थळ हाय, येत्या वैशाखात उरकून टाकू." मायनं तव्यावरची भाकरी उलटली. गया आमटी भुरकत राहिली. मी मात्र मनातल्या मनात गावात पाचवी आणायची प्रतिज्ञा केली. त्या वयात मी प्रतिज्ञा फार करत असे.

त्याच महिन्यात ब्लॉकच्या, म्हणजे विकास खात्याच्या, ऑफिसातून इंग्रजीत टाईप केलेला कागद आला. चावडीत पाटील, आबा, आणखी पाचसात माणसं आणि कोपऱ्यात धोंडीबा. धोंडीबा म्हणजे गावची हलगी. दवंडी द्यायची ती त्यानं, आणि निजामाच्या काळात कुणी अंमलदार आला तर त्याचं सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत पोचवायचं तेही त्यानंच. याला बिगार म्हणत. मजुरी नाही, नाही म्हणायची सोय नाही. साठीचा माणूस, पण मी पोरसवदा त्याला अरेतुरे करायचो. तशी पद्धत होती, असं म्हणून मी आज सुटू पाहतो. सुटता येत नाही.

कागदाचा मुद्दा मला कळला. गावानं शाळेची खोली बांधून दिली तर पत्रे आणि पाचवीचा मास्तर सरकार देणार. अडलो ते एका शब्दावर. खोली बांधायची ती 'व्हॉलंटरी' मेहनतीनं, आणि ब्लॉकचे साहेब स्वतः येऊन तसं आहे की नाही याची खात्री करणार.

"ह्ये व्हॉलंटरी काय हाय?" पाटलांनी विचारलं.

मी आठ्या आणल्या. "पक्कं पाहून सांगतो," म्हणालो, आणि घरी येऊन ट्रंकेतली डिक्शनरी काढली. ती इंग्रजी-उर्दू. त्यात 'रझाकाराना' असा अर्थ होता, तो वाचून मी पुस्तक मिटलं आणि ट्रंकेला कडी घातली. पोलीस ॲक्शनच्या आधी बंदुका घेऊन गावोगाव फिरणाऱ्या टोळ्यांनी स्वतःला जे नाव लावून घेतलं होतं, त्याच नावाचा भाऊबंद तिथे शोभत होता. त्या लोकांच्या भीतीनं आमची अर्धी गल्ली चार दिवस उसात लपून बसली होती. चावडीवर जाऊन हा अर्थ सांगितला असता तर गाव पुन्हा उसात गेलं असतं. मग मी स्वतःच्या अकलेनं अर्थ लावला, आणि मजा अशी की तो बरोबर लागला. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "व्हॉलंटरी म्हणजे आपल्या मर्जीनं. कुणी सांगितलं म्हणून नाही. आपलं आपण."

पाटलांनी कागद पुन्हा एकदा उन्हात धरून पाहिला. मग आबा म्हणाले, "आन् सांगितल्याबिगर लोकायला कळंल कसं?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या गावात रस्त्यावरचा बाभळीचा फांटा बाजूला करायचा तरी हुकूम लागे. हुकूम आला की दवंडी, दवंडी झाली की माणसं. पाटलांनी तोडगा काढला, "दवंडी देऊ. मजकूर तू सांग बापू, तुला त्या शब्दाची जाण हाय."

मी धोंडीबाला मजकूर सांगितला, आणि तो मला आजही अक्षरन् अक्षर पाठ आहे, कारण पुढची कित्येक वर्षं गाव तो मला ऐकवत आलं. "ऐका हो ऐका, शाळेच्या कामाला उद्या दिवस उगवायच्या वक्ताला समद्यांनी आपापल्या मर्जीनं हजर ऱ्हावं. जो मर्जीनं येणार न्हाई, त्याला चावडीत बसवलं जाईल हो!"

धोंडीबानं हलगी काखेला मारली आणि माझ्याकडे पाहिलं. "मालक, ह्ये बिगारच हाय न्हवं?"

"नाही रे. बिगार आता कायद्यानं बंद झाली. ही मर्जी आहे."

"कुनाची?"

"तुझी."

त्यानं मान हलवली. "मपली मर्जी आन् मलाच ठाव न्हाई," असं पुटपुटत तो गेला, आणि थोड्या वेळानं वेशीकडून हलगी वाजायला लागली.

माणसं आली. न येऊन सांगतात कुणाला? चाळीसेक जण टोपली-फावडी घेऊन उभे. मी एक वही घेतली आणि सावलीला बसून प्रत्येकाच्या नावापुढे 'मर्जी' असं लिहायला लागलो. कुणी उशिरा आला तर त्याला विचारायचो, "मर्जीला उशीर का झाला?" तोही बिचारा कारण सांगायचा. दगड-मातीच्या भिंती कमरेपर्यंत चढल्या. माझी छाती त्यापेक्षा वर चढली. साहेब येणार असं कळलं तसा मी रोज सकाळी कामाआधी सगळ्यांना ओळीत उभं करून उत्तर घोकून घ्यायला लागलो.

"साहेबांनी विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून आलात? तर काय म्हणायचं?"

"आमी आमच्या मर्जीनं आलो!" चाळीस जण एका सुरात.

"जोरात!"

"आमी आमच्या मर्जीनं आलो!" झाडावरचे पोपट उडून जायचे. गया पाण्याची घागर घेऊन तिथून जायची, थबकून ही कवायत बघायची आणि चालू लागायची. मी समजायचो, पोरीचं ऊर भरून येत असणार.

साहेब जीपमधून आले. वयानं तरुण, चष्मा लावलेले, बोलणं पुण्याकडचं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, वहीत डोकावले, 'मर्जी, मर्जी, मर्जी' वाचून थोडे गोंधळल्यासारखे दिसले. मग चाळीस जणांना सोडून नेमके धोंडीबापुढे जाऊन उभे राहिले.

"बाबा, तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून आलात?"

"आमी आमच्या मर्जीनं आलो!" धोंडीबा ओरडला. साहेब दचकून एक पाऊल मागे सरकले.

"छान. आणि समजा, आज तुमची मर्जी नसती तर?"

हा प्रश्न आम्ही घोकला नव्हता. धोंडीबानं माझ्याकडे पाहिलं. मी आठ्या आणल्या. त्याला त्या वाचता आल्या नाहीत. शेवटी तो सरळ माणूस खरं बोलला, "तर मंग चावडीत बसवलं असतं की साहेब. दवंडी मीच दिलीया."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात, एकही वाईट शब्द न वापरता, असं काही सुनावलं की त्यापेक्षा चार तडाखे परवडले असते. लोकांच्या मानेवरचं जू काढायला आम्ही आलो आहोत आणि तुम्ही त्याला नवा रंग देताय, असं म्हणाले. हे काम आपण धरणार नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ. तोवर दवंडी नाही, निरोप नाही, पाटलांनी कुणाला शब्द टाकायचा नाही. जे होईल ते स्वयंस्फूर्तीनं. हा शब्द गावाला व्हॉलंटरीपेक्षाही परका होता. "आणि काही झालं नाही, तर पाचवी दुसऱ्या गावाला जाईल."

जीपचा धुरळा बसला तशी माणसं आपापली टोपली उचलून निघून गेली. आबा जाता जाता एवढंच म्हणाले, "वैशाखाला किती दिस ऱ्हायले रं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधकामावर गेलो. कुणी नव्हतं. अर्ध्या भिंती, दगडांचा ढीग, आणि मी. बोलवायची बंदी, आणि बोलावल्याशिवाय येण्याची कुणाला सवय नाही. त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं की इतके दिवस मी स्वतः एकसुद्धा दगड उचललेला नव्हता. माझ्या नावापुढे 'मर्जी' लिहायचं राहूनच गेलं होतं. मग मी सदरा काढून ठेवला, मातीत पाणी ओतलं आणि तुडवायला लागलो. गारा कसा करतात ते पाहिलेलं होतं, केलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तो पातळ झाला, दुसऱ्या दिवशी घट्ट. हाताला फोड आले. माझी भिंत वर जात होती खरी, पण ती जाताना पूर्वेकडे बघत होती. गल्लीतून जाणारे येणारे थांबत, मान वाकडी करत आणि पुढे जात. गया घागर घेऊन गेली, परत आली. "काय बघतीस?" मी खेकसलो. "काय न्हाई," म्हणाली.

चौथ्या दिवशी उन्हं वर आल्यावर धोंडीबा आला. हलगी नव्हती. धोतर खोचलेलं, हातात फावडं.

मी घाबरून म्हणालो, "धोंडीबा, मी बोलावलं नाही हं. साहेबांना सांग, मी बोलावलं नाही."

"न्हाई ना बोलावलं? म्हून तर आलो." त्यानं मातीत पाय घातला. "साठ वर्सं झाली, कुनी ना कुनी बोलावतंय. म्हनलं एकडाव न बोलावता जाऊन पाहावं, कसं लागतंय त्ये."

"मग कसं लागतंय?"

तो थोडा वेळ तुडवत राहिला. "पाय सारकेच दुखायलेत," म्हणाला. मग आणखी थोड्या वेळानं, "पर कवा बी जाता येतंय की घरी." आणि तो गेला नाही. दिवस मावळेपर्यंत होता. त्या दिवशी भाकरी सोडली तेव्हा माझ्या तोंडून 'तुमी घ्या' असं आलं. तो इकडेतिकडे बघायला लागला, मागे कोण आलंय म्हणून.

पाचव्या दिवशी आबा आले. आल्या आल्या त्यांनी माझ्या भिंतीला एक लाथ घातली, आणि माझे चार दिवस धडाधड खाली आले.

"आबा!"

"चार दिस झाले, वावरात जाता-येता डोळ्याम्होरं ही वाकडी भित. जेवण जाईना मला." त्यांनी कमरेचा ओळंबा काढला. "दगड दे. तसला न्हाई, चपटा."

ज्यांना वैशाखात पोरगी उजवायची होती ते माझे आबा तिच्या शाळेची भिंत ओळंब्यात बांधत होते. मी विचारणार होतो, मग गप्प बसलो, कारण विचारलं असतं तर ते कदाचित उठून गेले असते. आबांना पाहून आणखी दोघे आले, मग चौघे. त्यातल्या एकाला घरी बायकोशी पटत नव्हतं म्हणून तो तिथे बसायचा. एकाला धोंडीबा आला आणि आपण नाही, हे सहन झालं नव्हतं. आणि फार नंतर मला कळलं की माय त्या दिवसांत हळदीकुंकवाच्या निमित्तानं घरोघर जाऊन आली होती. ती तिथे काय बोलली ते तिनं कधी सांगितलं नाही. याला बोलावणं म्हणायचं का? साहेबांच्या कायद्यात हे बसत होतं का? मी आज ऐंशी ओलांडलेला माणूस, शब्दकोश दोन जाडजूड आहेत घरात, पण याचं उत्तर कुठल्याच पानावर नाही.

शेवटी शेवटी तर पाटील आले. डोक्याला पटका, पटक्यावर माती भरलेलं टोपलं. आम्ही सगळे उभे राहिलो. "बसा की बे, कामं करा," ते ओशाळून म्हणाले. साहेबांची जीप आली ती नेमकी त्याच दिवशी. भिंती खांद्याच्या वर गेलेल्या. साहेबांनी पाटलांना विचारलं, "पाटील, तुम्ही कसे काय आलात?"

पाटलांनी टोपलं खाली ठेवलं, पटका सोडला, घाम पुसला, पटका पुन्हा बांधला. चावडीत इतकी वर्षं न्यायनिवाडे केलेला माणूस. "साहेब, तेच कळंना गेलंय," ते म्हणाले.

साहेब पहिल्यांदा हसले. खिशातून पेन काढून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही केली. काय लिहिलं ते मी वाकून पाहिलं. तोच शब्द होता, व्हॉलंटरी.

जून लागला, पत्रे चढले, मास्तर रुजू झाला. पाचवी भरायच्या दिवशी मायनं सकाळीच धपाटे केले, गयाची वेणी घातली. आबा ओसरीवर नवा पटका बांधून बसले. स्थळाचं नाव त्यांनी महिनाभर काढलं नव्हतं. मी तर इस्त्रीचा सदरा घालून, तिला शाळेत घेऊन जायला म्हणून तिचं बसायचं बसकर काखोटीला मारून दारात उभा. गावानं माझ्याकडे बघावं अशी माझी फार इच्छा होती.

"चल गया."

ती चुलीपाशी बसली होती. "मी येत न्हाई."

मला वाटलं थट्टा करतेय. माय म्हणाली, "आगं चल की, समदं गाव वाट पाहायलंय." आबा ओसरीवरून खाकरले. गया हलली नाही.

"कामून येत न्हाईस?" माझा आवाज चढला. "तुज्यासाठी हाताला फोड आणले मी! साहेबाच्या शिव्या खाल्ल्या! अख्खं गाव मातीत घातलं!"

"मला इचारलं का कुनी?" तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणीबिणी काही नव्हतं. "आबा म्हनले लगीन. तू म्हनला शाळा. त्या समद्या मान्साला रोज इचारायलास, मर्जी हाय का, मर्जी हाय का. मला इचारलास?"

आबांची खाकरणी थांबली. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात प्रथमच आठ्याही आल्या नाहीत. खरंच, त्या सगळ्या महिन्यांत मी चाळीस माणसांच्या नावापुढे मर्जी लिहिली होती, आणि जिच्यासाठी हे चाललं होतं तिचं नाव वहीत कुठेच नव्हतं.

"मग," मी चाचरत म्हणालो, "तुला जायचंय का?"

"सांगते."

आणि ती बसून राहिली. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. धपाटे गार झाले. शाळेतून घंटेचा आवाज आला, लोखंडी तुकड्यावर कुणीतरी दगड मारत होतं. मायनं एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे पाहिलं. आम्ही तिघंही एवढ्याशा पोरीच्या तोंडाकडे बघत होतो आणि कुणालाही काही करता येत नव्हतं.

मग ती उठली. राखेचे हात धुतले, एक धपाटं हातात घेतलं, पाटी घेतली. माझ्या काखेतलं बसकर ओढून घेतलं. मी पायात चपला सरकवल्या तशी ती उंबऱ्यावर थांबली.

"तू कुटं निघालास?"

"तुला सोडायला."

"नको. मपली मी जाती," ती म्हणाली, आणि धपाटं खात खात निघून गेली.